चुंबकासाठी सहावीपर्यंत थांबू नका

मिरकरवाड्यातल्या मुलाला लोखंड म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बोटीचा नांगर, त्याची साखळी, इंजिनाचे नट-बोल्ट, गळ, गंजून भुगा होत आलेला पत्रा, सगळं त्याच्या पायाखाली आणि हाताशी असतं. जेटीवरून घरी येईपर्यंत खिशात दोन-चार खिळे जमलेले असतात. तरीही चुंबक हा विषय त्याच्यापुढे रीतसर येतो तो सहावीत, बालभारतीच्या सामान्य विज्ञानातल्या ‘चुंबकाची गंमत’ या धड्यात. धडा चांगला आहे. पण तोवर पोर अकरा-बारा वर्षांचं झालेलं असतं आणि धड्याखाली स्वाध्याय असतात, म्हणजे गंमतीला मार्क लागलेले असतात.

दुसरं टोकही आपल्याच मोहल्ल्यात दिसतं. पोटाला चिमटा काढून इंग्रजी नर्सरीत घातलेलं चार वर्षांचं मूल पाहुण्यांसमोर उभं राहून ‘मॅग्नेट अट्रॅक्ट्स आयर्न’ म्हणून दाखवतं. त्याला विचारा, आयर्न कुठे आहे? ते पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवतं. पाठीमागे दाराची लोखंडी कडी वाऱ्यावर वाजत असते, तिकडे त्याचं लक्ष जात नाही.

माझं म्हणणं असं आहे की चुंबक चौथ्या-पाचव्या वर्षी मुलाच्या हातात पडला पाहिजे, आणि त्याची व्याख्या नंतर सावकाश आली तरी चालेल. हे मी विज्ञानाच्या मार्कांसाठी म्हणत नाही. आधी अंदाज सांगायचा, मग करून पाहायचं आणि अंदाज चुकला तर मुकाट्याने बदलायचा, ही सवय लावणारी इतकी स्वस्त वस्तू दुसरी मला माहीत नाही. आणि या सवयीची आपल्या समाजाला फार निकड आहे.

निकड कशी, ते सांगतो. जून 2021 मध्ये नाशिकच्या एका ज्येष्ठ गृहस्थांचा व्हिडिओ राज्यभर फिरला. कोरोनाच्या लशीचा दुसरा डोस घेतल्यावर अंगाला नाणी, चमचे, भांडी चिकटू लागली, असं त्यांचं म्हणणं होतं. पाठोपाठ इतर ठिकाणांहूनही तसेच दावे आले. लशीमुळे शरीरात चुंबकत्व येत नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. आपल्या वस्त्यांमध्ये लशीबद्दल आधीच कुजबुज होती. तिच्यात ही भर पडली. लोक दोन गटांत वाटले गेले. एक गट हसत होता, दुसरा घाबरला होता. तपासून पाहणारे मात्र फार थोडे होते.

तपासणं अवघड नव्हतं. चुंबक सगळे धातू ओढत नाही. अ‍ॅल्युमिनिअम, तांबं, पितळ, शिसं त्याला दाद देत नाहीत. मग अंगाला पितळेचं किंवा अ‍ॅल्युमिनिअमचं काही चिकटत असेल, तर ते चुंबकत्वाने नाही एवढं तिथेच कळतं. दुसरी तपासणी त्याहून सोपी. दंडावर टाल्कम पावडर चोळायची. घाम आणि त्वचेचा तेलकटपणा पावडरने मारला की चमचा खाली पडतो. खरा चुंबक पावडरीला जुमानत नाही. तिसरी तपासणी, दंडाजवळ होकायंत्र न्यायचं. सुई हलते का पाहायचं. या तिन्ही गोष्टी पाच वर्षांचं मूल करू शकतं, फक्त त्याच्या हातात आधी कधीतरी चुंबक येऊन गेलेला हवा.

चुंबकाचा एक धडा मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. दोन वस्तू एकमेकींना ओढत असतील, तर दोन्ही चुंबक आहेत असं म्हणता येत नाही. एक चुंबक आणि दुसरं साधं लोखंड असलं तरी ओढ असतेच. दोन्ही चुंबक आहेत याची खात्री केव्हा पटते? एक बाजू फिरवल्यावर त्या एकमेकींना ढकलतात तेव्हा. मुलांना हे दाखवलं की ती हरखून जातात, कारण दोन चकत्यांच्या मध्ये काहीच दिसत नाही आणि तरी बोटांना अडवणारं काहीतरी लागतं. मोठ्यांनीही यातून घ्यायचं ते घ्यावं. एखादी गोष्ट चिकटली, पटली, मनाला ओढून गेली, एवढ्याने ती सिद्ध होत नाही. दुसऱ्या बाजूनेही तपासावी लागते.

आता प्रत्यक्ष काय करायचं, ते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात, घरातली माणसं घरात असतात. या दिवसांत मी मोहल्ल्यातल्या लहान पोरांना घेऊन बसतो. सामान म्हणाल तर भंगारातल्या जुन्या स्पीकरमधून काढलेला काळा गोल चुंबक आणि एका टोपलीत गोळा केलेल्या वस्तू: खिळा, मोठा बोथट केलेला गळ, जाळ्याच्या शिशाचं वजन, नायलॉनच्या दोरीचा तुकडा, तांब्याची तार, पितळी बिजागरी, अ‍ॅल्युमिनिअमचं झाकण, शिंपला, एक रुपयाचं पांढरं नाणं, पाच रुपयांचं पिवळं नाणं आणि दोन-तीन घरांतून आणलेले स्टीलचे चमचे.

नियम एकच. चुंबक लावण्याआधी प्रत्येक वस्तू ‘चिकटेल’ किंवा ‘नाही चिकटणार’ अशा एका ताटात ठेवायची. मग लावून पाहायचं. मोठ्या माणसाने तोंड उघडायचं नाही. हा शेवटचा भाग सर्वांत कठीण आहे, कारण आपल्याला उत्तर सांगायची फार घाई असते.

मुलांचा पहिला अंदाज बहुतेक वेळा सारखाच असतो: चकचकीत ते सगळं चिकटणार. शिशाचं वजन जड आहे म्हणून तेही चिकटणार. पाचचं नाणं रुपयापेक्षा मोठ्या किमतीचं, म्हणून ते तर नक्कीच. मग रुपया टपकन चिकटतो आणि पाचचं पिवळं नाणं ढिम्म राहतं. कारण रुपया पोलादाचा आणि ते पिवळं नाणं निकेल-पितळेचं. चुंबकाला किंमत कळत नाही, हे मुलांना इतकं आवडतं की घरी जाऊन ती अब्बांचे खिसे तपासतात. चमच्यांची गंमत त्याहून मोठी. एकाच घरातला एक चमचा चिकटतो, दुसरा नाही. दोन्ही स्टीलचेच. इथे बहुतेक मोठी माणसंही गोंधळतात. स्टेनलेस स्टीलच्या काही प्रकारांत भरपूर निकेल घातलेलं असतं, त्याने लोखंडाच्या अणूंची रचना बदलते आणि तो चमचा चुंबकाला दाद देत नाही. नुसतं क्रोमियम घातलेला चमचा चिकटतो. पाच वर्षांच्या मुलाला हे सांगायची गरज नाही. ‘स्टील सगळं सारखं नसतं’ एवढं त्याने स्वतः शोधलं, पुरे झालं.

दुसऱ्या दिवशी आरपार जाण्याचा खेळ. कागदाआड, पुठ्ठ्याआड, तळहाताआड, पाण्यात चुंबक ओढतो का? पाण्याने भरलेल्या ग्लासातली टाचणी हात न भिजवता बाहेर काढून दाखव, असं आव्हान द्यावं. मुलं बाहेरून काचेला चुंबक लावून टाचणी वर सरकवत आणतात. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

तिसऱ्या दिवसासाठी रत्नागिरीने आपल्याला अशी प्रयोगशाळा दिली आहे की मुंबई-पुण्याच्या शाळांनी हेवा करावा. रत्नदुर्गाच्या एका अंगाला पांढरा समुद्र, दुसऱ्या अंगाला मांडवीचा काळा समुद्र. ही नावं वाळूच्या रंगावरून पडली. मांडवीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोखंड असलेली खनिजं आहेत. सह्याद्रीचा काळा कातळ झिजून, नद्यांबरोबर वाहत ती किनाऱ्याला आली. दोन्हीकडची मूठ-मूठ वाळू उन्हात वाळवा. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन्हींतून फिरवा. पिशवीला काळ्या कणांच्या मिशा फुटतात. कुठल्या वाळूतून जास्त कण आले, हे मुलांनी सांगायचं. पिशवी उलटी केली की कण गळून पडतात, म्हणून पिशवी. नाहीतर चुंबक साफ करता करता संध्याकाळ होते.

त्या कणांची थोरवी मोठ्या मुलांना सांगावी. तो कातळ लाव्हारसातून थंड होत असताना त्यातल्या लोखंडी खनिजांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. 1950 च्या दशकात शास्त्रज्ञांनी दख्खनच्या कातळातली ही दिशा मोजली आणि त्यावरून कळलं की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपली ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. खंड सरकतात, या तेव्हा वादात असलेल्या कल्पनेला त्याने मोठा आधार मिळाला.

शब्दांचं काय, असं शिक्षक विचारतात. आपल्याकडे हा प्रश्न थोडा जास्त गुंतागुंतीचा आहे. घरात कोकणी बोली, उर्दू शाळेत ‘मिक्नातीस’, मराठी शाळेत ‘चुंबक’, नर्सरीत ‘मॅग्नेट’. एकाच भिंतीपलीकडच्या तीन चुलत भावंडांकडे एकाच वस्तूची तीन नावं. मला यात अडचण दिसत नाही, मजाच दिसते. मिक्नातीस आणि मॅग्नेट दोन्ही एकाच ग्रीक शब्दापासून आले. फारसीत चुंबकाला ‘आहनरुबा’ म्हणतात, म्हणजे लोखंड हिरावून नेणारा. मुलांना हे नाव सांगितलं तर ती चुंबकाला चोरच म्हणू लागतात. म्हणू द्यावं. लहान मूल ‘चिकटतो’ म्हणतं. गोंदही चिकटतो, मग दोघांत फरक काय, एवढं विचारावं. ‘गोंद लांबून नाय चिकटत,’ असं उत्तर एका चिमुरडीने दिलं होतं. आकर्षण या शब्दाची गरज तिथे तयार झाली. गरज तयार झाल्यावर शब्द दिला तर तो राहतो, आधी दिला तर पाहुण्यांसमोर म्हणून दाखवण्यापुरता उरतो.

मग सुई. एक शिवणाची सुई चुंबकावर एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा घासायची, थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवून प्लास्टिकच्या टबात तरंगत सोडायची. ती वळते आणि उत्तर-दक्षिण थांबते. पुन्हा फिरवली तरी तिथेच येते. आपल्या मुलांना समुद्र पश्चिमेला असतो हे जन्मापासून ठाऊक असतं, त्यामुळे सुई खरं बोलते का हे ती लगेच पडताळतात.

इथे तांडेलांच्या घरातल्या मुलांना त्यांच्याच वारशाची एक गोष्ट सांगता येते. बोटीवर आज जीपीएस असलं तरी होकायंत्र गेलेलं नाही. हा ‘होका’ शब्दच मुळात अरबी ‘हुक्का’, म्हणजे डबी. ज्या डबीत सुई ठेवायची ती डबी. अरबी समुद्रावरच्या नाविकांकडून तो आपल्या किनाऱ्याला लागला आणि मराठी झाला. बैलक अल्-किबजाकी नावाच्या लेखकाने 1282 साली खनिजांवर अरबीत एक पुस्तक लिहिलं. त्यात त्याने स्वतः पाहिलेली तरंगती सुई तर नोंदवलीच, शिवाय हिंदी महासागरातले खलाशी लोखंडाचा पोकळ मासा पाण्यावर सोडून त्याच्या तोंडा-शेपटीवरून दिशा पाहतात, असंही लिहून ठेवलं. मिरकरवाड्यातल्या मुलांसाठी याहून जवळचं उदाहरण कुठून आणणार? डब्याच्या पत्र्याचा छोटा मासा मोठ्या माणसाने कापून, कडा घासून द्यावा. मुलांनी त्याच्यावर चुंबक घासावा आणि थर्माकोलवर ठेवून टबात सोडावा. साडेसातशे वर्षांपूर्वीचं यंत्र पोरांच्या टबात पोहू लागतं.

थोड्या मोठ्या मुलांसाठी किबल्याचा प्रयोगही आहे. रत्नागिरीहून किबला बरोबर पश्चिमेला नाही, पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण 13 अंश आहे. मोबाइलमधलं किबल्याचं अ‍ॅप ही दिशा फोनमधल्या चुंबकीय सेन्सरवरून दाखवतं. तोच फोन घरातल्या लोखंडी कपाटाला टेकवून पाहा, मग अंगणात नेऊन पाहा. बाण वेगळीकडे जाऊ शकतो. किबला हललेला नसतो, कपाटाने सुईला फसवलेलं असतं. यंत्रावर विश्वास ठेवायचा तर ते कुठे चुकतं हेही माहीत हवं, हा धडा मुलांना सहज समजतो.

हाच धडा आपल्या कोकणात फार मोठ्या प्रमाणावर गिरवला गेला आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत 1840 च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं होत होती. सप्टेंबर 1859 चं सूर्यावरून आलेलं प्रचंड चुंबकीय वादळ तिथे नोंदलं गेलं आणि त्या नोंदी आजही जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा विजेच्या प्रवाहाने मोजमापं बिघडणार हे उघड होतं. म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात चुंबकीय निरीक्षणं अलिबागला हलवली गेली. 1904 पासून ती तिथे चालू आहेत. तिथली मापनाची इमारत बांधताना लोखंड कटाक्षाने टाळलं. कपाटाजवळचा फोन आणि ट्रामजवळची वेधशाळा, गोष्ट एकच. शाळेची सहल अलिबागला जाते ती कुलाबा किल्ला पाहायला. वेधशाळेचं नाव तरी मुलांच्या कानावर पडावं.

आक्षेप मला माहीत आहेत. पहिला, हे खेळ झाले, अभ्यास कुठे आहे? ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये बालवाडी नेली, तेव्हा पानं, शिंपले, खडे, बिया हीच त्यांची साधनं होती. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना तिथली. अंगणवाडीत खेळ नको म्हणणं म्हणजे अंगणवाडीच नको म्हणणं.

दुसरा, साहित्य कुठून आणायचं? अरविंद गुप्तांनी पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत 2003 ते 2014 अशी अकरा वर्षं कचऱ्यातून खेळणी करून दाखवली. गोल चुंबकांवर अधांतरी तरंगणारी पेन्सिल असो की एक सेल, तांब्याची तार आणि चुंबक यांची मोटर, त्यांची सगळी कृती फुकट उपलब्ध आहे. मिरकरवाड्यात भंगाराचा तोटा नाही.

तिसरा आक्षेप मवाळ शब्दांत येतो. ही सगळी अल्लाहची कुदरत आहे, त्यात एवढं खोदून काय विचारायचं? मी म्हणतो, कुदरत आहे म्हणूनच निरखून पाहायचं. कुरआनातल्या एका सूरेचं नावच हदीद, म्हणजे लोखंड. ते नाव मुलाला पाठ असतं. लोखंड कसं वागतं हे त्याने हाताने पाहिलं तर त्या नावाचं वजन वाढेल, कमी होणार नाही. आणि ज्याने पाहिलंय, त्याला ‘चुंबकाचं कडं घाला, गुडघेदुखी जाते’ असं सांगून कुणी सहज लुबाडू शकणार नाही. अशा कड्यांनी दुखणं थांबतं असं तपासण्यांमध्ये दिसलेलं नाही, तरी जत्रेपासून मोबाइलपर्यंत ती विकली जातात.

चौथी गोष्ट आक्षेप नाही, इशारा आहे, आणि तो गंभीरपणे घ्या. बाजारात मिळणारे छोटे, चंदेरी, गोळीएवढे ताकदवान चुंबक लहान मुलांच्या हाती अजिबात देऊ नका. मुलाने असे दोन गिळले तर ते आतड्यांच्या वेगवेगळ्या वळणांतून एकमेकांना ओढतात, मधली आतडी चिमटली जाऊन तिला भोक पडू शकतं. शंका आली तरी वाट न पाहता दवाखाना गाठावा. तोंडात मावणार नाही असा मोठा काळा स्पीकरचा चुंबकच वापरा. सुई, टाचणी मोठ्या माणसाने हाताळावी. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांच्यापासून चुंबक दूर ठेवा.

आणि एक पाहा. गटात चुंबक आला की मुलगे तो हिसकावतात आणि मुली बघत बसतात. पहिली पाळी मुलींची, असं आधीच सांगून टाकावं. पुढे जाऊन घरातल्यांच्या लशी, औषधं, मोबाइलवर आलेले निरोप यांचा निर्णय बऱ्याचदा त्याच घेणार आहेत.

तेव्हा अंगणवाडी सेविकांना, मकतबच्या उस्तादांना आणि घरी बसलेल्या तांडेल-खलाशांना माझी विनंती आहे. येत्या बंदीच्या दिवसांत आठवड्यातला एक तास या कामाला द्या. एक चुंबक, एक टोपली, दोन ताटं. मुलांना आधी विचारा, मग करू द्या, आणि ती करत असताना गप्प बसा. टोपलीत घालायच्या वस्तूंची यादी वर दिली आहेच. तुमच्या घरचा एक चमचाही तिच्यात टाका. तो चिकटतो की नाही, हे बहुधा तुम्हालाही अजून माहीत नसेल.